पांढरं दार

व्हिडिओवाल्यांमध्ये माझी एका गोष्टीसाठी लई बदनामी झालेली आहे. लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या जुन्या सीड्या आजही कुणाच्या कपाटात असतील. त्या लावल्या तर रसायनशास्त्राचे एक सर फळ्यापुढे उभे दिसतात. चेहरा स्वच्छ, खडूची अक्षरं ठळक. आणि फळ्याला लागून एक दार. ते दार म्हणजे नुसता उभा पांढरा पट्टा. बाहेर भिंत आहे, झाड आहे की माणूस आहे, काही म्हणजे काही कळत नाही. लग्नसराईत दुसऱ्या स्टुडिओची पोरं भेटली की दात काढायची. "भाभी, तुमचं दार जळालं का हो?" मी म्हणायची, हाव, जळालं, तुमच्या का पोटात दुखून राहिलंय. खरं कारण कुणाला सांगितलं नाही. आता सांगते, कारण ज्यांच्यासाठी मी ते दार जाळत होते त्या बाई आता नाहीत.

माझं माहेर नांदेडचं. फोटोचा धंदा आमच्याकडं आजोबांपासून. अब्बांनी मला कॅमेरा शिकवला तो लाडानं नाही, गरजेपोटी. आमच्यात लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नसे आणि अब्बांना गिऱ्हाईक सोडवत नसे. मग काय, मी. पुढं लातूरला दिली, तर नवऱ्याचाही स्टुडिओच निघाला. तो दुकानात बसून प्रिंट, फ्रेमा आणि कॉम्प्युटर बघायचा आणि मी बाहेरचं शूटिंग. मुखेडपासून निलंग्यापर्यंत किती मांडव पालथे घातले, खुदा जाने.

अब्बा एकच गोष्ट डोक्यात भरवून गेले: ऑटोवर विसंबायचं नाही. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. नवरीच्या मागं हॅलोजन लागला की तो उजेडाला भिऊन डोळा बारीक करतो आणि नवरी कोळशासारखी काळी येते. म्हणून आयरिस, म्हणजे त्याच्या डोळ्याची बाहुली, आपण आपल्या बोटानं उघडायची. कुणाचा चेहरा पाहिजे ते आधी ठरवायचं आणि बाकीच्याचं जे व्हायचं ते होऊ द्यायचं. नवऱ्याला हे पटत नसे. "ऑटो दिया है तो कायको इत्ता मगज खपाती?" असं तो म्हणायचा. मी ऑटोवर काढलेली त्याच्या चुलतभावाच्या लग्नाची कॅसेट लावायची.

मी लातूरला आले तेव्हा भूकंप होऊन वर्षं झाली होती आणि गावात क्लासचं पेव फुटलं होतं. गल्लीगल्लीत मेस, होस्टेल, पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लावलेले बोर्ड. ते फोटो आमच्याच दुकानात निघायचे, म्हणून मला तोंडपाठ. भूकंपाचं कुणी बोलत नसे. पण माझ्या शेजारणी थंडीतसुद्धा अंगणात बाज टाकायच्या आणि कुणी कुणाला कारण विचारत नसे. त्या पहाटे मी नांदेडला होते, शाळकरी पोर. फळीवरची भांडी वाजली आणि अब्बांनी आधी स्टँडवरचा कॅमेरा धरला, मग आम्हाला. अम्मीनं ते त्यांना मरेपर्यंत ऐकवलं. आम्हाला भूकंप म्हणजे एवढाच. खरा काय तो मला त्या दारानं दाखवला.

एका क्लासच्या मालकांनी बोलावलं. ज्या पोरांना लातूरला राहणं झेपत नाही त्यांच्यासाठी शिकवण्याच्या सीड्या करायच्या होत्या. रसायनशास्त्राचे सर नवे होते, तरणेच, औशाच्या पलीकडच्या एका गावचे. बोलणं गावाकडचं पण शिकवणं असं, की मागच्या बाकावरचं झोपाळू पोरगंसुद्धा मान वर करून ऐकायचं. मी ट्रायपॉड लावला, बघितलं, फळ्याला लागूनच अंगणात उघडणारं दार आणि त्यातून ऊन भसाभसा आत. म्हटलं, "सर, ते दार लावून घ्या."

"दार लावता येत न्हाई, भाभी," सर म्हणाले.

"कडी मोडली का?"

"कडी हाय. लावता येत न्हाई."

तेव्हा मी बघितलं, उंबऱ्याच्या बाहेर पोत्याच्या तुकड्यावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीसुद्धा नसेल, पण हाडं वर आलेली. एक हात दाराच्या फळीवर. माझ्या हातात कॅमेरा दिसला तसा त्यांनी पदर नाकाखाली ओढला आणि तोंड फिरवलं. सरांची आई. सर शिकवत असतील तितका वेळ ती तिथंच बसते, हे क्लासमधल्या सगळ्या पोरांना माहीत होतं. नोकरी लागली त्या दिवशी आल्या तेव्हा मालकांना त्यांनी एकच विचारलं होतं, स्लॅबात लोखंड हाय का. मालक हसत सांगायचे.

मालकांचं मात्र सरळ होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "दार लागत नसंल तर ह्या सरांना मी सीडीवर उभं करणार नाही. दुसरे सर हाईत, ते दार लावून शिकवतील. सगळा धंदा आता सीडीवर जाणार आहे, बाई. जो सीडीवर दिसंल तो टिकंल." म्हणजे सरांची भाकरी त्या दाराला टांगलेली. आणि दाराचा उजेड कुणाच्या हातात, तर माझ्या.

चहा पिताना सरांनी सांगितलं, अगदी हजेरी घेतात तशा आवाजात. गणपती बोळवून आलेली रात्र. घर दगडमातीचं, वर माळवदाचा गच्च मातीचा थर. आई पहाटे म्हशीकडं जायला उठली आणि कुत्रं आत शिरू नये म्हणून जाताना दार ओढून घेतलं. रोजच ओढायची. बाप आणि धाकटी बहीण मधल्या खोलीत. सर उंबऱ्याला पाय लावून झोपलेले, म्हणून चौकटीखाली तेवढे वाचले. "बाहेरून दार ढकलत व्हती ती. फसलं व्हतं. म्या आतून तिचा आवाज ऐकत व्हतो," सर म्हणाले. "तवापासून मी जिथं आसंन तिथं दार उघडं आन ती दारात. मी कॉलेजला असतानाबी बाहेर कट्ट्यावर बसायची. लोक हसायचे. हसू द्या." मग कप ठेवून ते आत गेले. माझा सगळा तोरा उतरला होता.

मी सरांच्या आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, थोडं बाजूला सरून बसता का? कॅमेऱ्यात येता तुम्ही."

"मंग मी येत न्हाई त्यात. आन हलतबी न्हाई," त्या म्हणाल्या. मग स्वतःच बोलल्या. "तवा आले व्हते टीव्हीवाले. दगडाच्या ढिगावर बसून रडत व्हते मी, ते काडलं त्यानी. मंग म्हन्ले, बाई, उजेड बराबर न्हवता, परत एकदा बसा, उन्हाकडं तोंड करून."

"मग?"

"मंग काय. डोस्कं ठिकानावर व्हतं का माजं. बसले. परत रडले."

मला आमच्या धंद्याची इतकी शरम कधी वाटली नव्हती. कुण्या मेल्यानं ते केलं असेल, त्याला आयरिस फिरवायला काय हात नव्हते? नुसती बाहुली जरा उघडायची होती.

त्या दिवसापासून त्यांनी कॅमेऱ्याला तोंड दाखवलं नव्हतं. मतदान कार्डाला काय तो एक फोटो, बळजबरीचा.

मग मी त्यांना माझा जुना कॅमेरा दाखवला. बाजूला उघडणारा छोटा पडदा त्यांच्याकडं फिरवला. आधी ऑटो केलं. दाराच्या उन्हानं कॅमेऱ्यानं डोळा मिटला, सर काळेठिक्कर आणि दारात मावशी दिसायला लागल्या. त्या दचकल्या. मग मी बोटानं आयरिस उघडत नेली. सरांचा चेहरा हळूहळू उजळला, फळा उजळला आणि दारातलं सगळं पांढरं पडत पडत नाहीसं झालं. जिथं जास्त उजेड होतो तिथं ह्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिरप्या रेघा पळतात, त्याला झेब्रा म्हणतात. सगळं दार रेघारेघांनी भरलं.

"बघा, आता कुठं आहात तुम्ही ह्यात?"

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "न्हाईच की मी."

"नाहीच. मी बोट काढत नाही तोवर तुम्ही नाही. बसा निवांत."

"शब्द हाय का?"

"आहे," मी म्हटलं. त्यांनी पदर खाली घेतला.

अडचण मालकांची. त्यांनी टीव्हीवर बघितलं आणि कपाळाला आठ्या. "हे पांढरं काय? फुकटचा डाग दिसतो. चांगला कॅमेरा आणा नाहीतर दार लावा." मी नांदेडला फोन केला. अब्बांच्या ओळखीच्या एकाकडं नवा कॅमेरा आला होता. तो चार दिवस बघायला म्हणून आणला, एसटीत लेकरासारखा मांडीवर घेऊन. दोन्ही कॅमेरे एकाशेजारी एक उभे केले, एकाच दारापुढं, सर शिकवत असताना.

जुन्याकडं काय होतं? आयरिस, झेब्रा आणि गेन. गेन म्हणजे उजेड कमी असला तर कॅमेरा आवाज चढवल्यासारखं चित्र चढवतो, आणि चित्रात मुंग्या भरतात. बस. नव्याच्या पोटात मेनूवर मेनू. काळ्या भागातले केस, डोळ्याखालची सावली थोडी वर काढायची सोय. कातडीचा रंग सावरायची सोय. आणि एक होतं ते 'नी'. इंग्रजीत गुडघा म्हणतात तो. उजेड वाढत वाढत जिथं पांढराफटक व्हायला लागतो, तिथं त्याला गुडघ्यातून वाकवायचं, म्हणजे जास्तीचा उजेडही चित्रात बसतो. जुन्यात जे जळून जातं ते नव्यात उरतं. मी खूश. म्हटलं, मिटली कटकट, दारही दिसेल आणि सरही.

कॅसेट फिरत होती. मी 'नी' चालू केलं आणि हळूहळू वाढवत नेलं. पांढऱ्या दारात आधी एक उभी सावली उमटली, मग लुगड्याचा काठ, मग हात. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खरं तर त्यात काय होतं? मावशी समोर होत्याच, मी मान वळवली तर दिसत होत्या. पण त्या चौकटीत कुणी नसतं अशी माझ्या डोळ्याला सवय झाली होती, आणि तिथं कोणीतरी येत होतं. कुठपर्यंत जातं बघावं म्हणून मी आयरिसही उतरवली. सर काळे पडले, नुसता आकार, आणि दारात मावशी लख्ख. पदर खांद्यावर, चेहरा उघडा. माझ्या शब्दावर भरवसा टाकून बसलेल्या.

मी झटकन सगळं पूर्ववत केलं.

तास सुटला आणि सर पोरांच्या गराड्यात गेले. मी मावशींना म्हटलं, माझ्याकडून तुम्ही कॅमेऱ्यात आलात, बघा आणि सांगा, आत्ता तुमच्यासमोर पुसते. छोट्या पडद्यावर लावून दिलं. काडेपेटीएवढा पडदा. त्या कितीतरी वेळ बघत बसल्या. मला वाटलं आता शिव्या पडतात.

"लई वाळले की मी," त्या म्हणाल्या.

"पुसू ना?"

"ऱ्हाऊ दे. पर मी हाय तवर कुनाला दावायचं न्हाई. त्यालाबी न्हाई."

"सरांना का नाही?"

"शिकवताना माज्याकडं बघून शिकवतंय ते. त्याला जे वाटतंय ते वाटू दे." एवढं बोलून त्यांनी पोतं झटकलं. मी ती कॅसेट घरी लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवली, दुकानात नाही. दुकानातली रिकामी दिसणारी कॅसेट नवरा कुणाच्याही बारशाला वापरून टाकायचा.

सर दाराकडं बघून शिकवायचे हे खरंच होतं. त्यावरून मी त्यांच्यावर किती वेळा खेकसले असेन. "सर, कॅमेऱ्यात बघा, पोरं कॅमेऱ्यात आहेत." ते दोन मिनिटं बघायचे, परत दाराकडं. एकदा म्हणाले, "भाभी, आई शाळंत गेलेली न्हाई. मी शिकवताना तिचं तोंड बघतो. तिचं ध्यान ढळलं न्हाई म्हंजे समजायचं, सोपं झालं. तिला कळलं की कुनालाबी कळतंय." म्हणून त्यांची उदाहरणं चुलीची, दह्याच्या विरजणाची, गंजलेल्या विळ्याची. त्यावरच तर त्यांचं नाव झालं. पोरं म्हणायची, सरांची केमिस्ट्री घरात शिजते.

नवा कॅमेरा मी घेतला आणि 'नी' बंद करून ठेवलं. मेनूत जाऊन ते बंद आहे ना हे रोज सकाळी बघायचं, मगच सरांच्या गालावरचा उजेड बघून आयरिस लावायची. दार जळालं पाहिजे, पक्कं जळालं पाहिजे, झेब्रा काठोकाठ. बाकी सरांच्या चेहऱ्यावर, फळ्यावर मी नव्या कॅमेऱ्याची सगळी करामत ओतली. मालक बघून चाट पडले, पण डाग होताच. "दार अजून पांढरंच?" मी तोंड सरळ ठेवून ठोकून दिलं, "मुद्दाम ठेवलंय. दारातलं काही दिसलं की पोरांचं लक्ष बाहेर जातं. पांढरं असलं की नजर फळ्यावर राहते." मालकांनी मान डोलावली. पुढं तर तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला ही युक्ती आपली म्हणून सांगायचे, आणि मी शेजारी उभी राहून ऐकायची.

अशा किती सीड्या झाल्या. सर मोठे झाले, त्यांच्या नावावर पोरं यायला लागली. मालक हॉलला एसी बसवतो म्हणाले, सर म्हणाले दार लागणार असंल तर नको. आणि प्रत्येक सीडीत मावशी दारात बसलेल्या, आणि एकाही सीडीत नाहीत. कधी कधी एडिटिंग करताना त्या पांढऱ्याकडं मी बघत राहायची. आत त्या आहेत, हे जगात फक्त मला माहीत. खरं सांगते, भ्या वाटायचं.

मग एका पावसाळ्यात मावशी गेल्या, तापाचं निमित्त होऊन. दवाखान्यातसुद्धा खोलीचं दार लावू दिलं नाही म्हणे. तेराव्याच्या आधी सर दुकानात आले, डोक्याचे केस काढलेले, हातात मतदान कार्ड. म्हणाले, फोटो मोठा करून पाहिजे. नवऱ्यानं स्कॅन केलं, मोठं केलं, तर काय, नुसते ठिपके. तो फोटो कुणाचाही असू शकला असता. "दुसरं काहीच न्हाई, भाभी," सर म्हणाले. "येवढी वर्सं कॅमेऱ्यापुढं हुबा ऱ्हायलो, आन आईचा एक फोटो न्हाई." आणि तिथं काउंटरला हात लावून ते रडायला लागले.

मी घरात गेले आणि ट्रंक उघडली. कॅसेट आणून सरांना सगळं सांगितलं, शब्द कसा दिला होता, त्या काय म्हणाल्या होत्या, तेही. मग दुकानातल्या टीव्हीला कॅमेरा जोडला. मीही ते मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच बघत होते.

दार पांढरं. मग सावली, काठ, हात. मग सर काळे पडले आणि आई उजेडात आली. सर पुढं सरकले. टीव्हीतल्या काळ्या आकाराचा आवाज विरजणाचं उदाहरण देत होता. मावशींचा चेहरा वर होता. त्यांची नजर सरांवर नव्हती. फळ्यावर नव्हती. सरांच्या डोक्यावरच्या स्लॅबवर होती. सर बोलत फळ्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला गेले तशी त्यांची नजर वरच्या वर स्लॅबवरून त्यांच्यासोबत गेली आणि त्यांच्यासोबत परत आली. फळीवरचा हात जरासुद्धा हलला नाही.

सरांनी रिवाइंड करायला सांगितलं. परत बघितलं.

"मला वाटायचं ती ऐकती," सर म्हणाले. "तिला कळतंय म्हनून मी..."

नवऱ्याचा जीव कासावीस झाला. तो भला माणूस, त्याला वाटलं काहीतरी इलाज केला पाहिजे. गेलेल्या माणसाचा फोटो आमच्याकडं नेहमीच सुधारून देतात. मिटले डोळे उघडतात, अंगावर नवा कोट चढवतात. म्हणाला, "सर, फिकर नको. कॉम्प्युटरवर नजर सीधी कर देता. सामने देखेंगी, तुमच्याकडं."

"न्हाई," सर म्हणाले. त्यांनी डोळे पुसले नाहीत. "नजर तशीच ऱ्हाऊ द्या. सरळ केली तर तिनं काम सोडल्यावानी व्हईल."

तो फोटो आता क्लासमध्ये आहे. सरांनी तो फळ्याच्या वर लावला नाही. दाराबाहेर, पोतं असायचं त्याच्या मागच्या अंगणाच्या भिंतीवर लावला, आत तोंड करून. लोक म्हणतात, मावशी देवाकडं बघतायत. दार उघडंच असतं आणि सर अजून दाराकडं बघूनच शिकवतात, फक्त मधेच एखाद्या वाक्याला थांबून वर बघतात. ते मी कापत नाही. मी सकाळी जाते, 'नी' बंद आहे ना बघते आणि सरांच्या चेहऱ्यावर आयरिस लावते. दार पांढरं होतं, आणि त्यातला फोटो दिसत नाही.